हिरव्या चहाचे माहेर आणि सासर



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही काही लिहावे असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. खरे म्हणजे त्यांना माझ्याकडून फक्त कृती हवी होती. यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी जे हिरवे, गार, वर साय घातलेले पेय केले होते, त्याची कृती पुष्कळजणींनी विचारली होती. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. किराण्याची यादी आणि भिशीचा हिशोब ह्यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. पण कृती लिहावयास बसले आणि तिच्यामागे एवढा इतिहास निघाला, की कृती राहिली बाजूला. तेव्हा आधी इतिहास सांगते आणि कृती मागाहून देते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माझी भाची पुण्यास नोकरीला असते. होळीला आली तेव्हा तिने शेंदराच्या डबीएवढी एक डबी आणली. आत हिरवीगार भुकटी, मेंदीपेक्षाही बारीक. "मावशी, हा माचा. जपानी चहा आहे," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. चहा म्हटल्यावर मला काय सांगावयाचे राहिले? पातेल्यात पाणी, दूध, साखर, आल्याचा तुकडा आणि दोन चमचे ती भुकटी घालून मी चांगली उकळी आणली. डबक्यातल्या शेवाळासारखा रंग आला. वास वैरणीचा. ह्यांनी एक घोट घेतला आणि उठून पेला मोरीत रिकामा केला. सासूबाई म्हणाल्या, "काऊन व, चहात पालक उकडला का?" भाचीला फोन केला तर ती ओरडलीच. तीस ग्रॅमच्या त्या डबीची किंमत ऐकल्यावर मी मटकन खाली बसले. आमच्या घरचा आठवड्याचा किराणा त्यात आला असता!

एवढी किंमत कशाची, म्हणून मी तिच्यापाशी चौकशी केली, पुढे वाचनालयातूनही काही पुस्तके आणून वाचली. तेव्हा कळले की ही भुकटी जात्यावर दळलेली असते. मला तिच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला. चहाची रोपे तोडणीच्या आधी तीन-चार आठवडे झाकून ठेवतात. पूर्वी बोरूच्या आणि पेंढ्याच्या चटयांचा मांडव घालीत. ऊन कमी पडले की पान अधिक हिरवे होते आणि त्याचा कडूपणा उतरतो. मग कोवळी पाने खुडून वाफवितात, वाळवितात, त्यांचे देठ आणि शिरा काढून टाकतात. उरलेला पापुद्रा दगडी जात्यावर अगदी सावकाश दळतात. भरभर फिरविले तर दगड तापतो आणि रंग व वास दोन्ही जातात. एका जात्यावर तासाभरात तीस-चाळीस ग्रॅमच पीठ निघते. म्हणजे माझी ती डबी कोणाच्या तरी तासभराच्या दळणाची होती, आणि तिच्यातले दोन चमचे मी उकळून मोरीत घातले!

ह्या चहाचे माहेर मात्र जपान नव्हे, चीन. चीनमध्ये सुंग राजांच्या काळी, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, चहाच्या वड्या करीत, त्या कुटून भुकटी करीत आणि गरम पाण्यात घुसळून पीत. इसाई नावाचा एक जपानी बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनमधून परतला तेव्हा त्याने चहाचे बी बरोबर आणले. १२११ साली त्याने चहाच्या गुणांवर पुस्तक लिहिले. पुढे १२१४ मध्ये जपानच्या तरुण सेनाधिपतीला आदल्या रात्रीच्या दारूमुळे बरे वाटेना, तेव्हा ह्या भिक्षूने त्याला औषध म्हणून एक वाटी चहा आणि सोबत ते पुस्तक पाठविले. (असे औषध आपल्याकडेही काही घरांना उपयोगी पडेल.) इकडे चीनमध्ये १३९१ साली मिंग बादशहाने नजराण्यात चहाच्या वड्या घेणे बंद करून सुटी पाने घेण्याचा हुकूम काढला. हळूहळू घुसळण्याची रीत माहेरीच मोडली, आणि सासरी म्हणजे जपानात ती टिकून राहिली. लेकीच्या हातचा जिन्नस माहेरी कुणाला येईनासा होतो, त्यातलाच प्रकार.

घुसळण्यासाठी जपानात बांबूची छोटी रवी असते. एका पेराच्या बांबूचे टोक चिरून चिरून त्याच्या ऐंशी, शंभर, कधी एकशेवीस काड्या करतात, पण तुकडा अखंड राहतो. मी तिचे चित्र बाजारातल्या बुरुडदादांना दाखविले. सूप-टोपल्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण ते म्हणाले, "बाई, एवढ्या काड्या पाडत बसलो तर सुपं कवा विणू?" म्हणून मी आपली ताकाची लहान रवीच वापरली. काही बिघडत नाही. तिबेटातले लोकही चहात लोणी आणि मीठ घालून लाकडी नळकांड्यात घुसळतातच. काश्मिरात हिरव्या पानांच्या चहात सोडा, मीठ आणि दूध घालून गुलाबी चहा करतात. तेव्हा हिरव्या चहात दूध घातले म्हणजे काही अधर्म झाला, असे कोणी मानू नये.

जपानात सेन नो रिक्यू नावाचा एक चहागुरू होऊन गेला (१५२२ ते १५९१). त्याच्या पद्धतीच्या चहाच्या खोलीचे दार दोन-सव्वादोन फुटांचेच असे. कितीही मोठा सरदार असला तरी त्याने तलवार बाहेर ठेवावयाची आणि गुडघ्यांवर वाकून आत शिरावयाचे. दाट चहा एकाच वाडग्यात करतात. तो वाडगा पाहुण्यांत फिरतो. प्रत्येकाने दोन-तीन घोट घ्यावयाचे, कड पुसावयाची आणि शेजारच्याच्या हाती द्यावयाचा. सगळ्यांचे ओठ एकाच वाडग्याला! पुढे ह्याच रिक्यूला त्याच्या धन्याने, हिदेयोशीने, १५९१ साली पोट चिरून मरण्याची आज्ञा केली. बैठकीत सारे सारखे आणि बैठकीबाहेर धनी तो धनीच. बायकांचे म्हणाल तर खुडणीला बायका होत्या, पण बैठकीत शतकानुशतके पुरुषच मुख्य. १८६८ नंतर मुलींच्या शाळांतून हा विषय शिकविणे सुरू झाले, तेव्हापासून तो बायकांच्या हाती आला.

तो एक वाडगा माझ्या डोक्यातून जाईना. कारण आपल्याकडे चहाचा इतिहास म्हणजे कोणाबरोबर प्यावा आणि कोणाच्या भांड्यातून प्यावा, ह्याचाच इतिहास आहे.

आसामच्या जंगलात सिंगफो लोक चहा पीत असत. तो १८२३ साली रॉबर्ट ब्रूस ह्या स्कॉटिश माणसाला दिसला. १८३९ मध्ये आसाम कंपनी निघाली. पण तो चहा विलायतेस जाई. इकडच्या घरात त्याचा शिरकाव फार उशिरा झाला. आणि झाला तेव्हा धर्मभयाने झाला. पुण्याची १८९० सालची गोष्ट वाचनात आली. पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातील नामांकित मंडळी जमली होती, न्यायमूर्ती रानडे आणि टिळकही त्यांत होते. मिशनच्या बायकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा प्याले, कोणी नुसता पेला ओठाला लावला. गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान) ह्यांनी सर्वांची नावे वर्तमानपत्रात छापविली. झाले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, आणि रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत, १९१० साली छापलेल्या पुस्तकात, ह्याविषयी लिहिले आहे. एवढी विद्वान माणसे, आणि एका कपासाठी ही शोभा!

आपल्या भागात चहा आला तो आगगाडीने, असे मला वाटते. नागपूरहून राजनांदगावपर्यंतची गाडी एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. वरठीचे भंडारा रोड स्टेशन त्याच रस्त्यावरचे. १९०३ साली सरकारने चहावर पट्टी बसवून तो खपविण्यासाठी पैसा उभा केला. पुढे १९३० नंतरच्या मंदीत विलायतेला चहा जाईनासा झाला, तेव्हा मळेवाल्यांनी आपल्याच लोकांना प्यावयास लावण्याचा चंग बांधला. स्टेशनांवर चहा कसा करावा ह्याच्या पाट्या लागल्या, गाड्या गावोगाव फिरून चहा करून दाखवू लागल्या. पाट्यांवर लिहिले असे, पाणी उकळावे, किटलीत पत्ती घालावी, दूध वरून घ्यावे. आपल्या बायकांनी त्या पाट्या वाचल्या असोत वा नसोत, सगळे एकाच पातेल्यात उकळून टाकले आणि महागाची पत्ती वाचविली. मळेवाल्यांना ते आवडले नाही म्हणतात. मला तर त्यात आपल्या बायकांचा शहाणपणाच दिसतो.

पण हॉटेलांतून कपबशा वेगळ्या राहिल्या. खेड्यापाड्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर दलितांसाठीचा कप वेगळा, बहुधा कान तुटलेला, बाहेर ठेवलेला असे. तो त्यांनीच विसळावयाचा. डॉक्टर आंबेडकर १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते, आणि आपल्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिले नाही. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला. हॉटेलातली सर्वांसाठी ठेवलेली भांडी कोणाला वापरू न देणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. कायदा हॉटेलापुरता होता. घरातल्या कोनाड्याला कायदा नव्हता.

आता जे लिहिते ते लिहावे की नाही, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. आणि ज्यांच्याविषयी आहे त्यांना आधी वाचून दाखवून, त्यांच्या संमतीनेच लिहिते आहे.

माझे माहेर खेड्यातले. कायदा होऊन तीस वर्षे उलटली होती, मी सात-आठ वर्षांची होते. आमच्याकडे धानाच्या हंगामात गावाच्या टोकावरल्या बौद्ध मोहल्ल्यातून एक मावशी कामाला येत. त्यांचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असे. पांढरा, निळ्या फुलांचा, कान नसलेला. दुपारी चारला तो त्या काढीत, विसळीत आणि ओसरीच्या खाली बसून पुढे धरीत. चहा घालावयाचे काम माझे. आजीने शिकविले होते, किटली वरून धरावयाची, तोंड कपाला लागू द्यावयाचे नाही. एक दिवस मी फार उंचावरून घातला आणि उकळता चहा मावशींच्या हातावर सांडला. त्या एवढेच म्हणाल्या, "सावकास व बाई." मी घाबरून किटली खाली केली ती कपाला टेकली. आजी आतून धावत आली ती मला रागवावयास. हात भाजला म्हणून नव्हे, किटली टेकली म्हणून. पितळेची किटली होती, भंडाऱ्याच्या बाजारातून घेतलेली. आजीने ती चुलीतल्या विस्तवात घालून 'शुद्ध' केली. तिच्यावर काळा डाग पडला तो चिंचेने घासूनही गेला नाही. माझी आजी वाईट नव्हती. आजाऱ्याच्या उशाशी रात्ररात्र बसणारी बाई होती. पण ते तिने केले, आणि पुढेही चार-पाच वर्षे त्याच कपात मी चहा घालीत राहिले, हेही खरे. पुण्याच्या मंडळींना निदान चौकशी तरी झाली. आमच्याकडे कोणी कोणाला विचारलेच नाही.

त्या मावशींची नात म्हणजे आपल्या मंडळाच्या आजच्या खजिनदार वहिनी. लग्न होऊन त्या भंडाऱ्यात आल्या, मीही आले. आपल्याच मंडळात वर्गणीची पावती फाडताना गावाचे नाव निघाले आणि ओळख पटली. त्यांना त्या कपाची हकीकत ठाऊक होती. मी हे लिखाण वाचून दाखविले तेव्हा त्या म्हणाल्या, "आजीच्या हातावर डाग होता, पण कशाचा ते तिने सांगितलं नव्हतं." मग बराच वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

असो. पेय गार का केले, तेही सांगावयास हवे. चैत्रात आपल्याकडे उन्हाने काय होते ते मी तुम्हांला काय सांगू! पण गारव्याचाही इतिहास आहे. अकबराच्या दरबारात सोऱ्याने पाणी गार करीत आणि पहाडांतून बर्फ आणवीत, असे अबुल फजलने लिहिले आहे. पुढे १८३३ साली तर अमेरिकेतील बोस्टनहून तळ्यांतला बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास आणला. निघताना १८० टन होता, चार महिन्यांनी पोहोचताना शंभर टनांच्या आसपास उरला. दुसऱ्या वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले, आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली. आमच्या लहानपणी बर्फ भुशात आणि बारदानात गुंडाळून यावयाचा. आज तो फ्रिजमध्ये घरोघर होतो. इतकेच सांगते की पेयात घालावयाचा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असावा, बाजारातला लादीचा नको.

आता कृती. एका मोठ्या पेल्यासाठी लहान चमचाभर, म्हणजे साधारण दोन ग्रॅम, भुकटी घ्यावी. ती चहाच्या गाळणीतून अवश्य चाळावी, नाहीतर गुठळ्या राहतात. पाणी उकळून खाली उतरवावे, दोनदा ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतावे आणि मग वापरावे. उकळते घातले की कडू झालेच. चार चमचे पाण्यात भुकटी घालून लहान रवीने फेस येईपर्यंत घुसळावे. पेल्यात साखरेचा पाक, बर्फ आणि तापवून गार केलेले दूध घालावे, आणि वरून ते हिरवे पाणी अलगद सोडावे. वरच्या सायीसाठी म्हशीच्या दुधाची दोन दिवसांची साय बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात थोडी साखर घालून घुसळावी. फुलली की थांबावे. माझे पहिल्या खेपेस लोणी झाले. हिरव्या चहाची साधी पाने मिक्सरमधून काढली तर चालेल का, असे एकीने विचारले. नाही, जिभेला कचकच लागते. दुसऱ्या एका बहिणीने शेवग्याच्या पाल्याची भुकटी घालून पाहिली. रंग छान आला, पण चव भाजीची. आणखी एक, हा चहाच आहे, रात्री घेतला तर झोप उडते. ज्या भगिनींचे रक्त कमी आहे त्यांनी जेवणाबरोबर कोणताच चहा घेऊ नये, अन्नातले लोह त्याने अंगी लागत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे.

हळदीकुंकवाला आपण चाळीसजणी होतो आणि डबी एकच. (पहिली मी मोरीत घालविल्यावर भाचीने दुसरी पाठविली, तिचे उपकार.) तीस ग्रॅम भुकटी, चार लिटर दूध, अर्धा किलो साखर, असा अर्ध्या-अर्ध्या पेल्याचा हिशोब खजिनदार वहिनींनीच बसविला. सगळे एका मोठ्या गंजात केले. पेले पंचवीसच होते, म्हणून धुऊन धुऊन फिरविले. कोणाचा कोणता, हे कोणालाच सांगता आले नसते. साय घुसळावयास वहिनी बसल्या, माझ्या सासूबाईंची रवी घेऊन. पहिला पेला त्यांनी सासूबाईंच्या हाती दिला. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी पेला उजेडात धरून पाहिला, एक घोट घेतला, ओठावरची साय पदराने पुसली. म्हणाल्या, "साखर कमी हाय. बाकी बरं हाय." आणि वहिनींपुढे पेला पुन्हा धरला.

पुढल्या चैत्रासाठी दोन डब्या लागतील. जपानात २०२४ पासून ह्या भुकटीची एवढी मागणी वाढली आहे, की काही नामांकित दुकानांनी गिऱ्हाईकाला किती द्यावयाची ह्यावर मर्यादा घातली होती. तेव्हा आधीच सांगून ठेवलेले बरे. ज्यांना वर्गणी द्यावयाची असेल त्यांनी ती संक्रांतीपर्यंत खजिनदार वहिनींकडे द्यावी. सायीची जबाबदारी मी घेते, पण साखर ह्या खेपेस पाऊण किलो घालावी लागेल.